डॅफ्नी ओराम : शाईच्या रेषेतून नाद घडवणाऱ्या संगीतकार

गोदाकाठ

डॅफ्नी ओराम यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपच्या (कार्यक्रमांसाठी इलेक्ट्रॉनिक ध्वनी तयार करणाऱ्या विभागाच्या) संस्थापकांपैकी एक म्हणून होतो आणि तिथेच संपतो. वास्तविक त्या वर्कशॉपमध्ये त्या वर्षभरही राहिल्या नाहीत. त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम त्यानंतर केंट परगण्यातील एका खेड्यात, स्वतःच्या घरी आणि स्वतः जमवलेल्या सामानावर झाले. माझे म्हणणे असे की ओराम यांनी यंत्र बांधले ते मनातले संगीत लिहिता यावे म्हणून, आणि त्यामुळे त्यांच्याकडे आधी संगीतकार म्हणून पाहिले पाहिजे. संशोधक किंवा उपेक्षित स्त्री या ओळखी खऱ्या असल्या तरी त्या मागाहून येतात. लेखन थोडे लांबणार आहे, कारण ते यंत्र कसे चालत होते हे समजल्याशिवाय हा मुद्दा पटण्यासारखा नाही.

ओराम यांचा जन्म ३१ डिसेंबर १९२५ रोजी इंग्लंडमधील डिव्हायझेस या गावी झाला. १९४२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये प्रवेश मिळत असताना तो सोडून त्या बीबीसीत रुजू झाल्या. युद्धाचे दिवस होते आणि एरवी पुरुषांकडे असणारी तांत्रिक कामे स्त्रियांना मिळू लागली होती. वाद्यवृंद वाजत असताना स्वरलिपी पुढ्यात घेऊन कोणत्या मायक्रोफोनचा आवाज किती ठेवायचा हे सांभाळणे, हे त्यांचे काम. त्याच दशकात त्यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर आवाजाची लहर उमटताना पाहिली आणि त्यांच्या मनात उलटा प्रश्न आला : आवाजाची जर रेषा होते, तर मी काढलेल्या रेषेचा आवाज का होऊ नये? हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला.

१९४९ च्या सुमारास त्यांनी 'स्टिल पॉइंट' ही रचना लिहिली. तिच्यात दोन वाद्यवृंद आहेत, एक घुमणाऱ्या आवाजाचा आणि एक घुमू न देणारा. त्यांच्या जोडीला आधीच मुद्रित केलेल्या तबकड्या आणि पाच मायक्रोफोन. तबकड्या वाजत असतानाच त्यांचा आवाज बदलायचा आणि तो जिवंत वाद्यवृंदात मिसळायचा, अशी ती मांडणी. त्या वेळी ओराम पंचविशीच्याही आत होत्या. बीबीसीने ही रचना स्वीकारली नाही आणि ओराम यांच्या हयातीत ती एकदाही वाजली नाही. तिचा पहिला प्रयोग २०१६ मध्ये लंडनमध्ये झाला, आणि २०१८ मध्ये प्रॉम्स महोत्सवात ती रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजली, ज्या सभागृहात ओराम यांनी युद्धकाळात ध्वनिसंतुलनाचे काम केले होते.

पन्नाशीच्या दशकात त्या दिवसभराची नोकरी आटोपल्यावर रात्री वेगवेगळ्या स्टुडिओंतले टेपरेकॉर्डर एका खोलीत ओढून आणत, रात्रभर काम करत आणि सकाळी कर्मचारी येण्याआधी सर्व यंत्रे जागच्या जागी नेऊन ठेवत. १९५७ मध्ये 'ॲम्फिट्रिऑन ३८' या नाटकासाठी त्यांनी ऑसिलेटर (विजेवर स्वर निर्माण करणारे यंत्र), टेप आणि स्वतः बनवलेले फिल्टर वापरून पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक संगीत केले. बीबीसीत असे संगीत प्रथमच होत होते. १९५८ मध्ये वर्कशॉप सुरू झाले, डेस्मंड ब्रिस्को त्यांचे सहसंस्थापक होते. परंतु वर्कशॉपने नाटकांसाठी विशेष ध्वनी पुरवावेत, संगीत हा संगीत विभागाचा प्रांत, अशी संस्थेची धारणा होती. त्याच वर्षी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने इतर देशांतील संगीतकार या माध्यमात काय करत आहेत हे ओराम यांनी जवळून ऐकले, आणि १९५९ च्या आरंभी त्यांनी नोकरी सोडली. हातची कायमची नोकरी त्या काळी एकट्या स्त्रीने सोडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

केंटमधील फेअरसीट येथे 'टॉवर फॉली' नावाची, पूर्वी हॉप्स (बिअरमध्ये घालायची फुले) वाळवण्यासाठी वापरली जाणारी इमारत त्यांनी घेतली आणि तिथे स्टुडिओ थाटला. पोटासाठी जाहिराती, लघुपट, नाटके आणि प्रदर्शने यांची कामे केली. गुलबेंकियन फाउंडेशनने १९६२ आणि १९६५ मध्ये अनुदान दिले, त्यातून यंत्र आकाराला आले. ग्रॅहम रेंच या अभियंत्याचा त्यातील वाटा मोठा आहे. यंत्राला आणि त्यामागच्या पद्धतीला ओराम यांनी 'ओरामिक्स' हे नाव दिले.

यंत्राची रचना अशी. धातूच्या चौकटीवर पारदर्शक ३५ मिमी फिल्मच्या दहा पट्ट्या शेजारी-शेजारी, एकाच गतीने सरकतात. पट्टीवर काळ्या शाईने खुणा किंवा वक्ररेषा काढलेल्या असतात. पट्टीखालून येणारा प्रकाश शाईमुळे कमी-अधिक अडतो, तो प्रकाशसंवेदी घटावर पडतो आणि त्याचा विद्युतदाब होतो. काही पट्ट्या स्वराची उंची ठरवतात, एक आवाजाची घनता (तो किती मोठा किंवा लहान), एक कंप (स्वराची थरथर), एक घुमारा आणि काही निरनिराळ्या ध्वनिगुणांचे मिश्रण. स्वराची जात मात्र पट्टीवर नसते. तिच्यासाठी काचेच्या छोट्या पट्टीवर लहरीचा एकच आकार रंगवायचा; कॅथोड किरण नळीवरचा प्रकाशबिंदू तो आकार पुन्हा पुन्हा वाचतो आणि त्याचा स्वर होतो. एका वेळी एकच स्वररेषा निघत असल्याने अनेक आवाजांची रचना टेपवर थरांनी चढवावी लागे.

माझ्या मते या यंत्राचे मर्म घनतेच्या पट्टीत आहे. १९५० च्या दशकात टेपवर स्वर कापून जोडणाऱ्या संगीतकाराला स्वराचा आरंभ आणि अंत ब्लेडने ठरवावा लागे. ओराम यांना तो हाताने काढता आला. स्वर कसा उमलतो, मध्ये कुठे किंचित दबतो, कसा विरतो हे सर्व कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात येई, आणि तो फटकारा पुन्हा काढला तर स्वरही थोडा निराळा येई.

मंद्रषड्ज

गोदाकाठ, लेखन आवडले. मी ख्याल गाते आणि शिकवते, त्यामुळे मला स्वराच्या उंचीविषयी विचारावेसे वाटते. घनतेसाठी अखंड वक्ररेषा आणि उंचीसाठी सुट्या खुणा, अशी जर विभागणी असेल तर हे यंत्र मुळात सुट्या स्वरांचे ठरते. आपल्याकडे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, हा दोन स्वरांमधला अलंकार नसून रागाचा देह आहे. दरबारी रागातला आंदोलित (हळुवार झुलणारा) गंधार सुट्या ठिपक्यांनी लिहिता येणार नाही. ओराम यांना हाताची रेषा इतकी महत्त्वाची वाटत होती, तर उंचीच्या बाबतीत त्यांनी ती का सोडली असावी?

गोदाकाठ

मंद्रषड्ज, नेमका प्रश्न आहे. उंचीच्या पट्ट्यांवर चौकोनी ठिपक्यांसारख्या खुणा काढल्या जात आणि त्यांच्या जागांवरून स्वर ठरे, हे बरोबर. प्रकाशाच्या तीव्रतेवर उंची अवलंबून ठेवली तर दिवा किंचित मंदावताच सर्व स्वर उतरतात. घनतेतला तेवढा फरक कानाला खपतो, सुरातला खपत नाही. म्हणून उंचीसाठी 'खूण आहे किंवा नाही' एवढेच वाचणारी पद्धत जास्त भरवशाची ठरते. कंपाची पट्टी मात्र वक्ररेषेचीच आहे आणि ती ठरलेल्या स्वराला वर-खाली हलवते. आंदोलन त्या पट्टीवर काढता येईल असे मला वाटते, लांब मींड अवघड जाईल. ओराम यांची घडण पाश्चात्त्य स्वरलिपीत झाली होती, तिथे स्वर कागदावर सुटाच असतो. त्याचाही हा परिणाम असणार.

रीळवाला

नमस्कार. मी नाशिकच्या एका एकपडदा चित्रपटगृहात बरीच वर्षे ऑपरेटर होतो. वरील वर्णन वाचून मला केबिनमधला साउंड हेड, म्हणजे रिळावरचा आवाज वाचणारा प्रोजेक्टरचा भाग, डोळ्यांसमोर आला, म्हणून त्याविषयी लिहितो.

३५ मिमीच्या रिळावर चित्राच्या कडेला आवाजाची अरुंद पट्टी असते. एक्सायटर लॅम्पचा प्रकाश एका बारीक फटीतून त्या पट्टीवर पडतो, पलीकडे फोटोसेल असतो. पट्टीवरील काळा-पांढरा भाग सरकत जातो तसा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्याचा आवाज होतो. म्हणजे ओरामबाईंनी जी गोष्ट वापरली ती आमच्या गावोगावच्या केबिनमध्ये रोज चार खेळ चालत होती.

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. रीळ तुटले की आम्ही फिल्म सिमेंटने जोडत असू. तो जोड फटीसमोरून गेला की पडद्यामागच्या स्पीकरमधून 'ठप्प' असा आवाज येई आणि प्रेक्षक ओरडत. त्यासाठी जोडावर, फक्त आवाजाच्या पट्टीवर, काळ्या शाईने एक छोटा लांबट त्रिकोण काढायचा. शाई हळूहळू रुंद होत जाते तसा आवाज उतरतो, जोड निघून जातो आणि शाई पुन्हा निमुळती होते तसा आवाज वर येतो. त्रिकोण आखूड झाला तर संवादात खड्डा पडल्यासारखे ऐकू येते आणि फार लांब झाला तर एखादा शब्द गिळला जातो. चांगल्या हाताचा ऑपरेटर हे अंदाजाने बरोबर करत असे. घनतेची जी रेषा आपण म्हणता, ती आम्ही अशी काढत होतो.

सातपूरकर

रीळवाला काका, आपला प्रतिसाद फार मोलाचा आहे. त्यातूनच एक हिशेब मांडतो, म्हणजे ओराम यांचे वेगळेपण आणखी स्पष्ट होईल.

फिल्मवर हाताने आवाज काढण्याची कल्पना ओराम यांच्या आधीची आहे. सोव्हिएत रशियात आर्सेनी अव्रामोव आणि जर्मनीत ऑस्कर फिशिंगर यांनी १९३० च्या आसपास असे प्रयोग केले, पुढे कॅनडात नॉर्मन मॅक्लॅरन यांनी ते फार सुंदर रीतीने केले. परंतु त्यांची आकृती थेट आवाजाच्या पट्टीवर असे. प्रोजेक्टरमध्ये फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर सरकते. ४४० कंपनांचा एक स्वर एक सेकंद टिकवायचा तर एवढ्या लांबीत ४४० लहरी, म्हणजे प्रत्येक लहर साधारण एक मिलिमीटरची. मॅक्लॅरन यांनी त्यासाठी आधी तयार केलेल्या आकृत्यांची कार्डे बनवून त्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धत वापरली. ओराम यांनी कामाची वाटणीच बदलली. लहर एकदाच, मोठी, काचेवर रंगवायची. फिल्मवर फक्त त्या लहरीने कधी काय करायचे याच्या सूचना. त्यामुळे फिल्म वेगाने पळवण्याची गरज उरली नाही आणि रेषा माणसाच्या हाताच्या मापाची झाली. माझ्या दृष्टीने त्यांचा खरा शोध हाच आहे.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि मुलांकडून याची एक छोटी प्रतिकृती करून घेतली आहे. ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट कापून पट्टी करायची, तिच्यावर मार्करने रेषा, खाली पांढरा एलईडी, वर एलडीआर (प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक), आणि तो एलडीआर ५५५ टायमर या स्वर निर्माण करणाऱ्या चिपच्या मंडलात रोधकाच्या जागी. पट्टी ओढली की स्वर चढतो-उतरतो. मुले लगेच विचारतात की मग पट्टीवर लहरच काढली तर? तसे होत नाही, कारण एलडीआर मंद असतो. प्रकाश बदलल्यावर त्याला सावरायला मिलिसेकंदांत मोजावा असा बराच वेळ लागतो आणि अंधारात तर आणखी जास्त. सेकंदाला शेकडो वेळा बदलणारी लहर वाचायला फोटोडायोडसारखा चपळ घटक हवा. सूचना मंद असतात, लहर चपळ असते. ओराम यांनी दोहोंसाठी दोन निराळे मार्ग का ठेवले, हे मुलांना या एका प्रयोगात कळते. एलईडी मेन्सच्या डिमरवर लावू नये, नाहीतर १०० हर्ट्झची गुणगुण आत शिरते.

पंचवटीकर

या चर्चेत नाशिककर म्हणून एक आठवण नोंदवतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्रही त्यांनी मागवले, कारण तेव्हा कोरी फिल्म छिद्रांशिवाय येत असे. ते काम सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून करत. दहा पट्ट्या एकाच गतीने सरकण्यासाठी ओराम यांना जी छिद्रे आयती मिळाली, ती पूर्वी कुणालातरी एकेक पाडावी लागत होती. घरात बांधलेल्या कारखान्यातून नवी कला उभी राहण्याचा हा इतिहास आपल्याला परका नाही.

ऐकीव

यंत्राचे कौतुक समजले, परंतु मला दोन शंका आहेत. पहिली अशी की रॉबर्ट मूग यांचे पहिले सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक ध्वनी निर्माण करणारे वाद्य) १९६४ मधले आहे आणि लंडनमध्येच ईएमएस कंपनीचे व्हीसीएस-३ हे १९६९ मध्ये ३३० पौंडांना मिळू लागले. अशा वेळी शाईने पट्ट्या रंगवत बसणे हे मागे राहणे नव्हते का? दुसरी शंका अशी की आपण त्यांना आधी संगीतकार म्हणता, मग चर्चा यंत्राचीच का चालली आहे? मी त्यांचे काही तुकडे ऐकले. ते मला विज्ञानपटाच्या पार्श्वध्वनीसारखे वाटले.

गोदाकाठ

ऐकीव, दोन्ही शंका रास्त आहेत.

पहिलीविषयी. व्हीसीएस-३ बाजारात आणणाऱ्या ईएमएसचे पीटर झिनोव्हिएफ हे टेपवरील कामाचे धडे घ्यायला ओराम यांच्याकडेच गेले होते, म्हणजे नव्या वाऱ्याची ओराम यांना चांगली कल्पना होती. पण त्या सिंथेसायझरमध्ये संगीतकार बटणे फिरवून ध्वनी शोधतो आणि सापडलेला ध्वनी वाजवतो. ओराम यांना संपूर्ण रचना आधी लिहायची होती, पुन्हा पाहायची होती, एखादा स्वर पुसून दुसरा काढायचा होता. कोरी पट्टी हा त्यांचा कागद होता. त्यांचे यंत्र एकच झाले, विकले गेले नाही, आणि सहज सोबत नेता येण्यासारखेही नव्हते; व्यवहारात त्यांची हार झाली हे मान्य केलेच पाहिजे. आज मात्र कोणत्याही ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवाजाखाली घनतेची, घुमाऱ्याची रेषा माऊसने ओढून वाकवली जाते. ही कल्पना तिथे ओराम यांच्याकडूनच आली असे मी म्हणत नाही, पण संगीतकाराला अशी रेषा लागते हे त्यांना फार आधी समजले होते.

दुसरीविषयी थोडे सविस्तर. ओराम यांनी पोटासाठी केलेली कामे आणि स्वतःसाठी केलेली कामे वेगळी ऐकावी लागतात. नेस्टी किंवा लेगोच्या जाहिरातींचे तुकडे चटपटीत आहेत, काही सेकंदांत लक्ष वेधणे हेच त्यांचे काम, आणि ते ते करतात. 'द इनोसंट्स' या १९६१ च्या भयपटातले इलेक्ट्रॉनिक ध्वनी त्यांचे आहेत, पण श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. पार्श्वध्वनीचा भास यांतून होतो, आणि शिवाय अशा ध्वनींची आपली सवयच विज्ञानपटांनी घडवलेली आहे.

आता १९६० ची 'फोर आस्पेक्ट्स' ऐका. ही ओरामिक्स यंत्राच्या आधीची, टेपवरची रचना आहे. लांबट स्वर एकमेकांवर चढतात, कुठेही दचकवणारा ध्वनी नाही. त्यांतला प्रत्येक स्वर कसा सुरू होतो याकडे लक्ष द्या : तो आल्याचे कळते तेव्हा तो आधीच आलेला असतो. पुढे यंत्रात जे त्यांनी घनतेच्या पट्टीने साधले, त्याची ओढ इथे स्पष्ट दिसते. १९६५ ची 'पल्स पर्सेफनी' एका प्रदर्शनासाठी केली होती, तिच्यात ठेका आहे, पण तो ठेका सतत आपला पोत बदलतो. १९७२ ची 'बर्ड ऑफ पॅरॅलॅक्स' अधिक पसरट आणि अवघड आहे. ती मी नवख्या श्रोत्याला प्रथम सुचवणार नाही.

आणि १९६३ चा 'स्नो' हा जेफ्री जोन्स यांचा रेल्वेवरील लघुपट जरूर पाहावा. मूळ एका लोकप्रिय ढोलाच्या गतीवर ओराम यांनी संस्कार केले आहेत. बर्फ उपसणारे कामगार आणि आगगाड्या यांच्याबरोबर लय वाढत वाढत जाते, आणि वाढताना कुठेच सांधा जाणवत नाही. द्रुत लयीकडे जाण्याची आपल्याला चांगली जाण आहे, म्हणून हा तुकडा मराठी कानाला लगेच पोचेल असे वाटते.

मंद्रषड्ज

'फोर आस्पेक्ट्स' काल रात्री ऐकली. स्वर आल्याचे नंतर कळते, हे आपले निरीक्षण अगदी खरे आहे. षड्ज लावताना तो आदळू न देता श्वासातून उगवू द्यायचा, हे आम्ही विद्यार्थ्यांना महिनोन्महिने सांगत असतो. पडद्यावरच्या लहरी पाहत वाढलेल्या एका तंत्रज्ञ स्त्रीला हेच नेमके हवे होते, याचा मला मनापासून आनंद झाला. त्यांनी या विषयावर काही लिहिले आहे काय? आणि भारतात त्या काळी असे काही चालले होते का?

गोदाकाठ

होय, १९७२ मध्ये 'ॲन इंडिव्हिज्युअल नोट' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. विद्युतमंडल आणि लहरी यांच्या आधारे त्या त्यात माणसाविषयी आणि संगीताविषयी बोलतात. काही प्रकरणे गूढतेकडे झुकतात, तिथे माझे मन तितकेसे रमले नाही, पण ध्वनी कसा बनतो यावरील विवेचन अतिशय स्वच्छ आहे. ऐंशीच्या दशकात त्यांनी कँटरबरीच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात शिकवले आणि ओरामिक्सची पद्धत एकॉर्न संगणकावर आणण्याचे कामही हाती घेतले. नव्वदीच्या दशकात पक्षाघाताच्या झटक्यांमुळे काम थांबले. ५ जानेवारी २००३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या टेप आणि कागदपत्रांचा संग्रह आता लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात आहे.

भारतात १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे रचना केल्या. त्यांच्याकडे संस्थेचे पाठबळ होते, यंत्र तयार मिळाले होते. ओराम यांची वाट अगदी वेगळी. त्या स्टुडिओवर स्वतंत्र धागा व्हावा.

सातपूरकर

मूळ ओरामिक्स यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, परंतु ते आता चालवण्याच्या स्थितीत नाही. ओराम यांनी सत्तरीच्या दशकात 'मिनी-ओरामिक्स' या लहान यंत्राची आखणी केली होती, ते त्यांच्याकडून पूर्ण झाले नाही. टॉम रिचर्ड्स या संशोधकाने २०१६ मध्ये ते त्या काळच्या तंत्राच्या मर्यादेत राहून बांधून दाखवले आणि आजच्या संगीतकारांनी त्यावर रचना केल्या.

आमच्या वर्गात पुढचा टप्पा म्हणून दोन पट्ट्यांचे यंत्र करण्याचा विचार आहे, एक पट्टी उंचीची आणि एक घनतेची. इलेक्ट्रॉनिक्सचे सामान एम. जी. रोडला मिळून जाईल. अडचण पट्ट्या एका गतीने ओढण्याची आहे. रबराच्या रोलरवर त्या घसरतात आणि थोड्याच वेळात एकमेकींच्या मागे-पुढे होतात.

रीळवाला

रोलरचा नाद सोडा, दातेरी चाकच पाहिजे. आमचे चित्रपटगृह बंद झाले तेव्हा जुन्या प्रोजेक्टरचे दोन स्प्रॉकेट, म्हणजे तीच दातेरी चाके, आणि त्यांचे फिल्म दाबून धरणारे पॅड रोलर मी भंगारात जाऊ दिले नाहीत. दोन्ही एकाच दांड्यावर बसवले तर पट्ट्या एकमेकींच्या मागे-पुढे होणार नाहीत. कोऱ्या फिल्मऐवजी जुन्या प्रिंटचे तुकडे चालतील. कपडे धुण्याच्या ब्लीचच्या पाण्यात घातले की चित्राचा थर निघून जातो आणि स्वच्छ पट्टी मिळते, फक्त हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. मुलांना घेऊन या. शाईचा त्रिकोण कसा काढायचा तेही दाखवतो.